कढी, ताक आणि सॅशे: नर्सिंग, फार्मसी, एमबीबीएसच्या मुलांनी प्रोबायोटिक कसं ओळखावं, कसं द्यावं

दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी टेबलावर पाच वस्तू मांडते. बाटलीत घरचं ताक, डब्यात कढी, यकुल्ट या आंबवलेल्या दुधाच्या पेयाची ६५ मिलीची छोटी बाटली, बुलार्डी या यीस्टचा सॅशे आणि क्लॉसी या जिवाणूची प्लास्टिकची कुपी. आधी विचारते, "प्रोबायोटिक हा शब्द कुणी कुणी ऐकलाय?" सगळा वर्ग हात वर करतो. मग विचारते, "यातलं प्रोबायोटिक कोणतं?" निम्मे जण पाचही वस्तू सांगतात. कुणी कढी वगळतं, पण का ते सांगता येत नाही. "मॅम, ताक म्हणजे पचनाला चांगलं ना?" हे तर ठरलेलंच.

शब्द माहीत असणं आणि वस्तू ओळखता येणं यात एवढं अंतर आहे. उद्या वॉर्डात किंवा मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिल्यावर तेच अंतर पेशंटच्या वाट्याला येतं. म्हणून हा लेख. पायऱ्या दिल्या आहेत, त्याच क्रमाने वाचा.

पायरी १: व्याख्या टेबलावर लावून बघा

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००१ मध्ये जी व्याख्या केली, तीच २०१४ मध्ये थोडी घासूनपुसून कायम झाली. जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात दिले असता ज्यांच्यामुळे आरोग्याला फायदा होतो, ते प्रोबायोटिक. यात तीन अटी आहेत: जिवंत, पुरेसे, फायदा दाखवलेले. एक जरी अट पडली तरी ती वस्तू प्रोबायोटिक नाही, मग ती कितीही चविष्ट आणि पौष्टिक असो.

आता कढी घ्या. ताक उकळलं की जिवाणू मेले, पहिल्याच अटीवर कढी बाद. तोच न्याय इडलीला, ढोकळ्याला, गोव्याच्या सान्नांना. पीठ आंबवलेलं असतं हे खरं, आंबवण्याने चव आणि पचायला सोपेपणा येतो हेही खरं, पण वाफ लागल्यावर आत जिवंत काही उरत नाही. आंबिलीचं थोडं वेगळं आहे. पीठ आंबवून मग शिजवली तर ती इडलीच्या रांगेत बसते, शिजवून गार झाल्यावर ताक घातलं तर ताकातले जिवाणू जिवंत राहतात. लोणच्यात आपल्याकडे मीठ, तेल आणि मोहरी इतकी असते की बहुतेक लोणची टिकतात ती त्यामुळे, आंबल्यामुळे नाही. महिनोन्महिने फ्रीजबाहेर टिकणारं खोक्यातलं ताक अतिउष्ण प्रक्रिया केलेलं असतं, तेही मेलेलंच.

मग घरचं दही? इथे वर्गात वाद होतो, आणि व्हावाच. दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात. पण कोणते? ते विरजणावर ठरतं, आणि विरजण कधी शेजारच्या काकूंकडून आलेलं, कधी डेअरीच्या पिशवीतलं, कधी कालचंच उरलेलं. हवामान बदललं, दूध बदललं की आतली वस्ती बदलते. त्यामुळे घरचं दही हे जिवंत, उत्तम अन्न आहे, पण कुठल्या आजारावर किती द्यायचं हे सांगता येईल असं प्रोबायोटिक नाही. एक फायदा मात्र नक्की सांगता येतो. दुधाने ज्यांचं पोट फुगतं त्यांना दही बहुधा सोसतं, कारण दह्यातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात आणि उरलेला पचवायला पोटातही मदत करतात.

पेशंटला "दही खाऊ नका, ते प्रोबायोटिक नाही" असं सांगणारा एक उत्साही विद्यार्थी मला भेटला होता. तसं करू नका. दहीभात हा दहीभात म्हणून चांगलाच आहे.

पायरी २: नाव पूर्ण वाचा

"लॅक्टोबॅसिलस दिलंय" हे वाक्य "पाटलांना बोलवा" यासारखं आहे. कोणत्या पाटलांना? वंश, प्रजाती आणि स्ट्रेन (म्हणजे प्रजातीतला नेमका वाण) ही तीनही नावं हवीत. रॅम्नोसस जीजी हा नीट अभ्यासलेला स्ट्रेन. जीजी म्हणजे तो शोधणारे गॉरबाक आणि गोल्डिन, आणि सूक्ष्मजीवांच्या अमेरिकी संग्रहातला त्याचा क्रमांक एटीसीसी ५३१०३. एका स्ट्रेनवर झालेला अभ्यास त्याच प्रजातीच्या दुसऱ्या स्ट्रेनला आपोआप लागू होत नाही. एका भावाने एमपीएससी काढली म्हणून दुसऱ्याला नेमणूकपत्र मिळत नाही, तसंच हे.

नावं बदलतातही. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस हा अवाढव्य वंश फोडून त्याचे पंचवीस वंश केले गेले. त्यामुळे जुन्या पुस्तकातला लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस नव्या लेबलवर लॅक्टिकेसीबॅसिलस रॅम्नोसस दिसला तर गडबडू नका, जिवाणू तोच आहे.

यातली माझी आवडती गोष्ट आपल्या घरची आहे. ज्या बॅसिलस क्लॉसीच्या कुप्या वॉर्डात रोज फुटतात, त्याचं नवं नाव शौचेला क्लॉसी. हे नाव आलं पुण्याच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या नावावरून. २०२१ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी लोणार सरोवरातल्या एका जिवाणूचा अभ्यास करताना आसपासच्या नात्यातल्या प्रजातींची नव्याने मांडणी केली, त्यात क्लॉसीला हे आडनाव मिळालं. बुलढाण्याच्या मुलींना हे सांगितलं की त्या वर्षी हा प्रश्न कुणी चुकवत नाही.

आणखी एक नाव भारतात फार दिसतं: लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस, किंवा नुसतं "लॅक्टिक ॲसिड बॅसिलस". खरे लॅक्टोबॅसिलस बीजाणू (जिवाणूचं कडक कवचातलं सुप्त रूप) करत नाहीत, म्हणजे हे नाव मुळातच चुकीचं. तो आहे बॅसिलस कोॲग्युलन्स. ॲमॉक्सिसिलिनसारख्या प्रतिजैविकाच्या काही कॅप्सूलमध्येच तो घातलेला असतो, लेबलवर अनेकदा ६ कोटी बीजाणू असं लिहिलेलं असतं. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

पायरी ३: आकडा आणि त्याखालची बारीक ओळ

संख्या सीएफयूमध्ये (कॉलनी फॉर्मिंग युनिट) देतात. एका सीएफयूपासून एक वसाहत उगवते, म्हणजे फक्त जिवंतच मोजले जातात. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकसाठी भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची सर्वसाधारण अट दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी सीएफयूची आहे. यकुल्टच्या बाटलीवर ६५० कोटी लिहिलेले असतात. क्लॉसीच्या ५ मिलीच्या नेहमीच्या कुपीत २०० कोटी बीजाणू. प्रतिजैविकामुळे होणारे जुलाब टाळण्याच्या मुलांमधल्या अभ्यासांत जास्त मात्रा म्हणजे दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त. आता कॅप्सूलमधले ते ६ कोटी त्याशेजारी ठेवा. दिवसातून तीनदा घेतले तरी १८ कोटी होतात.

आकड्याखाली एक बारीक ओळ असते. ही संख्या "उत्पादनाच्या वेळी" आहे की "मुदत संपेपर्यंत"? पहिली असेल तर आज आत किती जिवंत आहेत हे लेबल सांगत नाही. साठवणीचं तापमानही वाचा. बीजाणूवाले क्लॉसी आणि कोॲग्युलन्स उन्हाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमच्या काही कॅप्सूलना मात्र फ्रीज लागतो. मे महिन्यात नागपुरात गाडीच्या डिकीत तासभर ठेवलेली पट्टी आणि फ्रीजमधली पट्टी या दोन वेगळ्या वस्तू समजा.

गोड पेयांच्या बाटलीवर साखरेची ओळही वाचायची. मधुमेही आजोबांना "रोज एक घ्या" म्हणण्याआधी तर नक्की.

पायरी ४: कशासाठी, हे आधी विचारा

इथे सगळ्यात जास्त धूळ उडते. पोट, त्वचा, वजन, प्रतिकारशक्ती, मूड, सगळ्यांवर एकच डबी विकली जाते. विद्यार्थ्याने दोन-तीन ठिकाणचे पुरावे पक्के केले तरी बाकीच्या गप्पा ओळखता येतात.

प्रतिजैविकाने होणारे जुलाब: इथे पाया बरा आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) ३३ अभ्यास आणि ६,३५२ मुलं होती. प्रोबायोटिक मिळालेल्यांपैकी ८ टक्क्यांना जुलाब झाले, न मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांना. म्हणजे साधारण नऊ मुलांना दिलं तर एकाचे जुलाब टळतात. सुरुवात प्रतिजैविकाच्या पहिल्या दोन दिवसांतच करावी, जुलाब लागल्यावर नाही.

साधे, संसर्गाचे जुलाब: इथे आपल्याकडे प्रोबायोटिकचा सॅशे जवळपास सवयीने लिहिला जातो, आणि इथेच पुरावा डळमळीत आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्हींत फायदा दिसला नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यातही, ८२ अभ्यास मोजून, ४८ तासांहून जास्त टिकणाऱ्या जुलाबांवर फारसा फरक पडत नाही असंच निघालं. बाळाला जुलाब असतील तर आधी ओआरएस, मग झिंक: सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, १४ दिवस. प्रोबायोटिक लिहिलं असेल तर ते त्यानंतर. घरी आई सॅशे देते आणि ओआरएस विसरते, हे तुम्ही वॉर्डात पाहालच.

भारतातलं सगळ्यात ठळक काम ओडिशाच्या खेड्यांतलं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ४,५५६ नवजात बाळांपैकी काहींना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठरावीक स्ट्रेन, त्या जिवाणूला खाद्य ठरणाऱ्या एका शर्करेसह, ७ दिवस दिला. सेप्सिस (शरीरभर पसरलेला गंभीर संसर्ग) किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आला. पण ती बाळं वजनाने २ किलोंच्या वर आणि जवळपास पूर्ण दिवसांची होती, आणि स्ट्रेन एकच होता. हा निकाल घेऊन मेडिकलमधली कुठलीही पावडर बाळाला चाटवणं हा त्या अभ्यासाचा अर्थ नाही.

उलट बाजूही माहीत हवी. २०१८ मधल्या एका इस्रायली अभ्यासात प्रतिजैविकानंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यातली मूळ वस्ती परत यायला जास्त वेळ लागला. प्रतिजैविक संपलं की "आतडं भरून काढण्यासाठी" सरसकट महिनाभर प्रोबायोटिक, या सवयीबद्दल म्हणूनच मला शंका आहे.

पायरी ५: हातात घेताना

हा प्रसंग मी विसरलेले नाही. एका रुग्णालयात विद्यार्थिनींची पोस्टिंग होती. ट्रॉलीवर क्लॉसीची कुपी, शेजारी सिरिंज. मान मोडायची प्लास्टिकची कुपी, आत जवळजवळ पाण्यासारखं द्रव, दिसायला अगदी इंजेक्शनच्या पाण्यासारखी. मुलीने कुपी मोडून औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि पेशंटच्या सलाइनच्या नळीकडे वळली. तिला थांबवलं, म्हणून पुढचं लिहावं लागत नाही. ही कुपी फक्त तोंडाने द्यायची, टोचल्यामुळे तीव्र ॲलर्जीचे झटके आल्याची नोंद आहे. तेव्हापासून माझा नियम असा: क्लॉसीची कुपी इंजेक्शनच्या ट्रेमध्ये ठेवायचीच नाही, आणि ती सुईच्या सिरिंजने ओढायची नाही. चमच्याने किंवा तोंडाने द्यायच्या औषधाच्या सिरिंजने द्या. देण्याआधी कुपी हलवा. आत बारीक कण दिसले तर ते बीजाणूंचे पुंजके असतात, औषध खराब झालेलं नसतं. पाणी, दूध किंवा सरबतात मिसळून चालतं, पण उकळत्या चहात नाही.

बुलार्डी हे यीस्ट आहे, जिवाणू नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांनी ते १९२० च्या दशकात इंडोचायनात वेगळं केलं. तिथले लोक कॉलऱ्याच्या साथीत लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते, तो पाहून. यीस्ट असल्याचे दोन परिणाम आहेत. जिवाणूनाशक प्रतिजैविकाने ते मरत नाही, त्यामुळे सोबत द्यायला हरकत नाही. पण फ्लुकोनाझोलसारखं बुरशीविरोधी औषध चालू असेल तर ते मरतं, देण्यात अर्थ नाही. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमच्या बाबतीत मात्र प्रतिजैविकापासून निदान दोन तासांचं अंतर ठेवा. क्लॉसीचे बीजाणू बऱ्याच प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, तरी ते दोन डोसच्या मधल्या वेळेत देण्याची पद्धत आहे.

पायरी ६: कुणाला नाही

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेला पेशंट, केमोथेरपीवरचा, प्रत्यारोपण झालेला, आयसीयूतला गंभीर पेशंट. यांना जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे रक्तात शिरण्याची शक्यता असलेले पाहुणे. बुलार्डीमुळे रक्तात बुरशी गेल्याच्या नोंदी आहेत. सेंट्रल लाइन असलेल्या पेशंटच्या खाटेजवळ, अगदी शेजारच्या पेशंटसाठीसुद्धा, सॅशे फोडू नका. पावडर हवेत उडते, हातमोज्यांवर बसते, तिथून लाइनवर जाते. सॅशे दूर फोडा, हातमोजे बदला, हात धुवा.

नेदरलँड्समधल्या एका चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला. स्वादुपिंडाचा तीव्र दाह असलेल्या पेशंटना प्रोबायोटिक मिश्रण दिलं होतं. प्रोबायोटिक गटात १५२ पैकी २४ जण दगावले, दुसऱ्या गटात १४४ पैकी ९. "नैसर्गिक आहे, नुकसान तर होणार नाही" असं कुणी म्हणालं की मी हे दोन आकडे सांगते. अकाली जन्मलेल्या बाळांच्या बाबतीतही निर्णय नवजात विभागाचाच. २०२३ मध्ये एका बाळाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या रुग्णालयांना सावध केलं होतं.

पायरी ७: पेशंटशी बोलताना

"आतड्यातले मित्र जिवाणू" हे जाहिरातीचं मराठी आहे, ओपीडीत चालत नाही. बाळाच्या आईला मी असं सांगते: "ताई, ही दोन पाकिटं आहेत. हे मोठं ओआरएसचं, पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, आणि थोडं थोडं दिवसभर पाजायचं. हे छोटं पाकीट वेगळं आहे, वाटीभर साध्या पाण्यात, कोमट नाही, आणि लगेच द्यायचं. दोन्ही एकत्र करायची नाहीत." आणि पेनने मोठ्या पाकिटावर "१ लिटर" लिहून देते. नाहीतर लहान पेल्यात ओआरएसचं अख्खं पाकीट ओतलं जातं, आणि तितकं खारट पाणी बाळाला घातक ठरतं. मग तिलाच विचारते, "घरी गेल्यावर आधी काय कराल, सांगा बघू." ती सांगेपर्यंत सुट्टी नाही.

काउंटरवर "काहीतरी पोटाचं द्या" म्हणणाऱ्याला तीन प्रश्न पुरतात: कुठलं प्रतिजैविक चालू आहे, जुलाबात रक्त किंवा ताप आहे का, आणि घरात कुणाची केमो किंवा डायलिसिस चालू आहे का. रक्त, ताप, लघवी कमी, मूल मलूल, यातलं काहीही असेल तर सॅशे विकण्याऐवजी डॉक्टरकडे पाठवा.

पायरी ८: कॉलेजात पाहणी करणार असाल तर

हा विषय लघुप्रकल्पाला सोपा वाटतो, म्हणून दरवर्षी कुणीतरी घेतं, आणि बहुतेक फॉर्म पहिल्याच प्रश्नात फसतात: "तुम्हाला प्रोबायोटिकबद्दल माहिती आहे का? हो/नाही." सगळे हो म्हणतात. मग प्रबंधात "जाणीव उत्तम" असं लिहून होतं, आणि कढीचा प्रश्न तसाच राहतो.

"माहिती आहे का" ऐवजी माहिती वापरायला लावा. कढी, ताक, इडली, क्लॉसीची कुपी यातलं काय जिवंत आहे? फ्लुकोनाझोलवरच्या पेशंटला बुलार्डी द्याल का? प्रत्येक उत्तराच्या शेजारी "किती खात्री" असा एक रकाना ठेवा. चुकीचं उत्तर आणि पूर्ण खात्री, हा गट वेगळा मोजा. माझ्या मते सगळ्या पाहणीत वाचण्यासारखा आकडा तोच. वापराबद्दल "घेता का?" न विचारता गेल्या तीन महिन्यांत काय घेतलं, कशासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून, असं विचारा. "सिनियरने सांगितलं" हा पर्याय ठेवाच.

नमुन्याचं गणित घाबरण्यासारखं नाही. चार गुणिले पी (अपेक्षित टक्केवारी) गुणिले क्यू (शंभर वजा पी), भागिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग. पी ५० टक्के धरून मर्यादा १० टक्के ठेवली तर १०० विद्यार्थी पुरतात, ५ टक्के ठेवली तर ४०० लागतात. एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अल्पकालीन शिष्यवृत्तीतून असं काम करता येतं, पण नीतिशास्त्र समितीची परवानगी फॉर्म वाटण्याआधी हवी. फॉर्म वर्गशिक्षिकेकडून पाठवू नका. त्यांनी ग्रुपवर टाकला की मुलं नकार देत नाहीत, आणि संमतीला अर्थ राहत नाही. आधी दहा जणांवर करून बघा, त्यांना कुठला प्रश्न कळला नाही ते तोंडी विचारा. एकदा "सीएफयू" या शब्दाला माझ्या एका गटातल्या तिघींनी कुठल्याशा कंपनीचं नाव समजलं होतं.

फॉर्म गोळा झाले की त्याच दिवशी बरोबर उत्तरांचं एक पान सगळ्यांना द्या. आणि मेसच्या टेबलावर त्या दिवशी कढी असली तर बघा, कुणीतरी वाटी उचलून विचारतंच, "मॅम, ही मेलेली ना?"